धुकं असेल तरच

आमच्या भोईवाड्यात धुकं पडत नाही. पडते ती धूळ, आणि वरच्या मजल्यावरून कचरा. तरीही गेली तेहतीस वर्षं इथल्या प्रत्येक नवशिक्याला फॉग लाइट कधी लावायचे ते तोंडपाठ आहे. हे पुण्य गुणाजी घाडीगावकर यांच्या खात्यावर.

गुणाजीभाऊ म्हणजे 'घाडीगावकर मोटार ट्रेनिंग'चे मालक, मास्तर आणि शिपाई. स्कूल म्हणजे एक जुनी पांढरी गाडी, जिच्यात क्लच-ब्रेक त्यांच्याही पायाशी आहेत. बाप गिरणीत, मोठा भाऊ गिरणीत, हे एकटेच स्टिअरिंगला चिकटले. 'म्हणून वाचलंय', असं चहाच्या पहिल्या कपाला ऐकवतात. तेहतीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही, हे दुसऱ्या कपाला.

मी आकांक्षा, त्यांच्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते. माझ्या नवऱ्याकडे, स्वप्नीलकडे गाडी आहे. तिला हात लावायची मला पूर्ण मुभा आहे, हातात फडकं असेल तर. म्हटलं, बस्स झालं, आता शिकायचंच. पहिल्या दिवशी मला वाटलं, भाऊ गिअर दाखवतील. कसलं काय!

"फॉग लाइट कधी लावूचे?"

"अंधार पडला की."

"गाढव! धुका, मुसळधार पाऊस, नायतर धुळीचा वादळ. पुढचा दिसेनासा झाला तरच! आणि दिसूक लागला की लगेच बंद. समोरच्याच्या डोळ्यात जाता तो लाइट."

"आणि धुकं इतकं दाट असलं की लाइट लावूनही दिसत नाही, तर?" मी उगाच खोड काढली.

"मग शहाणपणा करूचो नाय. गाडी बाजूक घेवची, चावी काढूची आणि खाली उतरूचा."

धुकं मोजायचं त्यांचं मापही ठरलेलं. कोर्टाच्या गेटापाशी गाडी थांबवायची आणि नाक्यावरच्या पिठाच्या गिरणीची लाल पाटी वाचायची. वाचता आली तर धुकं नाही, लाइटला हात लावायचा नाही. हवामान खात्याने काय ते आपलं बघून घ्यावं.

आता आमचे स्वप्नीलराव. गणपतीत गावी जाताना घाटात धुकं लागतं म्हणून यांनी बंपरखाली दोन फॉग लाइट बसवले. मेकॅनिकने ते थेट जोडून दिले, गाडी सुरू की लाइट सुरू. घाट वर्षातून दोन दिवस. उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस परळ-लालबागच्या जनतेला त्या प्रकाशाचा लाभ. भाऊ रोज त्याला चाळीच्या गेटावर गाठायचे.

"बंद कर ते, मेल्या! माझ्या डोळ्यात जाता!"

"भाऊ, अख्ख्या चाळीत तुमच्याच डोळ्यात कसे जातात हो? खाई त्याला खवखवे!" एकदा स्वप्नीलने सगळ्यांसमोर सुनावलं. चाळ हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू? त्या दिवसापासून भाऊंचं नाव पडलं धुकंमास्तर.

तशी माणसाला घमेंडही फार. जिन्यात समोरासमोर आलं तरी ओळख द्यायची नाही. आपण 'भाऊ' म्हणून हाक मारायची, मग साहेब विचारणार, "कोण ता?" अरे, रोज सकाळी तासभर तुमच्या शेजारी बसते ना मी! त्यांची बायको, गंगुबाई, माझ्यापाशी कुरकुरायची. "जानेवारीत लायसन्स संपता. डॉक्टरचा सर्टिफिकेट होया. पण डॉक्टरचा नाव काढला की अंगावर येतत."

भाऊंनी आतून ते ऐकलं. "माका घरात बसवचा हा हिका! ही गाडी सुटली तर म्हयन्यात मरान मी, लिहून ठेव."

काय हे नाटक, असं मला वाटलं. आमच्या चाळीत रोज कुणी ना कुणी महिन्याभरात मरणारच असतं.

डिसेंबरातली सकाळ होती. माझी टेस्ट चार दिवसांवर आलेली. आदल्या दिवशी वारा सुटला होता, त्यामुळे मुंबईला शोभणार नाही इतकी हवा स्वच्छ. ऊन समोरून येत होतं. कोर्टाच्या गेटापाशी मी नेहमीसारखी गाडी थांबवली.

"आज धुका पडला हा," भाऊ म्हणाले. "फॉग लाइट लाव."

मी मनात हसले. म्हटलं, म्हातारा परीक्षा घेतोय. आपणही काही कच्च्या गुरूची चेली नाही!

"नाही लावणार. धुकंच नाहीये, भाऊ."

"लाव म्हणतंय ना!"

"अहो, पाटी स्पष्ट दिसतेय इथून. तुमचाच नियम."

"दिसता? मग वाच."

"'चिंतामणी मोबाइल रिपेअरिंग.' खाली फोन नंबर. तोही वाचू?"

भाऊ माझ्यावर डाफरले. "पिठाची गिरण आसा ती! पाटी वाचूक येना नाय आणि गाडी शिकतंस?"

"गिरण दिवाळीतच बंद झाली, भाऊ. पाटीसुद्धा निळी आहे आता."

बोलून गेले, आणि मग माझं मलाच कळलं मी काय बोलले ते. दिवाळी होऊन महिना लोटला होता. रोज सकाळी भाऊ या जागी मान उंचावून ती पाटी बघत होते आणि "हां, दिसता, चल" म्हणत होते. अगं बाई! म्हणजे या शहरातल्या गर्दीत मला ब्रेक मारायला सांगत होतं कोण?

भाऊंनी काचेवरून हात फिरवला. मग रुमालाने काच पुसली. मग चष्मा काढून तो पुसला, परत घातला आणि समोर बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडा ना एकदा, भाऊ, गाढव म्हणा!

"निळी?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

मागून एक टॅक्सीवाला हॉर्न मारून शिव्या घालून गेला.

"गाडी बाजूक घे," भाऊ म्हणाले. मी घेतली. त्यांचे पाय क्लच-ब्रेकवर नव्हते, सीटखाली ओढून घेतलेले होते. "चावी काढ." काढली. ती मी त्यांच्यापुढे धरली. त्यांचा हात चावीच्या बाजूने गेला, मग माझी मूठ सापडली तेव्हा त्यांनी ती मिटून दिली.

"तुझ्याकडेच ठेव. आणि गंगीक मी सांगान. तू सांगू नको."

"भाऊ, मोतीबिंदू असेल हो. ऑपरेशन करतात, होतं सगळं नीट."

"व्हयत," ते म्हणाले. "पण तोपर्यंत शहाणपणा करूचो नाय."

आम्ही चालत निघालो. मी त्यांच्या कोपराला धरलं तर झटकतील म्हणून नुसती शेजारून चालत होते. फुटपाथची कडा आली तसं त्यांनीच माझा दंड धरला. ज्या माणसाला मी दोन महिने घमेंडखोर म्हणत होते, तो आता पावलापावलाला विचारत होता, पुढे काय आहे.

चाळीच्या गेटातून स्वप्नीलची गाडी बाहेर आली. तो कामाला निघाला होता. भर उन्हात दोन्ही फॉग लाइट भक्क पेटलेले. भाऊ जागच्या जागी थांबले. एक हात डोळ्यांवर आडवा धरला, दुसऱ्याने माझा दंड घट्ट आवळला, आणि मान खाली घालून गाडी जायची वाट बघत उभे राहिले. स्वप्नीलने काच खाली केली. रोजची बोलणी खायला तो तयारच होता, उत्तरही तोंडात तयार असणार.

भाऊ काही ओरडले नाहीत.

ओरडले मी. चाळीचे तिन्ही मजले बाहेर येईपर्यंत.