कोणत्या सालची?
इडलीचं पीठ आंबून डब्याबाहेर आलं की त्या वासाने मला खारबावची मामी आठवते. नव्वदच्या आसपास वडिलांनी निजामपुऱ्यातल्या कारखान्यासाठी परदेशी लूम, म्हणजे कापड विणायचा माग, आणला होता आणि तो बसवायला तिकडूनच आलेला म्हातारा मेकॅनिक आल्यापासून तोंड पाडून होता. त्याचं गाव डोंगराच्या पायथ्याशी, भरपूर उन्हाचं, घरोघरी द्राक्षाची वाइन करून सालागणिक मुरत ठेवणारं. इथे त्याला जेवण जाईना, आणि लूम अर्धवट सोडून तो परत जायची भाषा करायला लागला. वडील म्हणाले, "ऊन आणि डोंगर आपल्याकडेपण आहेत, चला." त्याला, दुभाष्याला आणि मला जीपमध्ये घालून ते सकाळीच मामीच्या ताडांच्या वाडीत घेऊन गेले. नुकतंच झाडावरून उतरवलेलं मडकं मामीने पुढे ठेवलं. पाहुण्याने पेला उजेडात धरला, पांढरट ताडी निरखली, वास घेतला आणि काहीतरी विचारलं. दुभाषा म्हणाला, "साहेब विचारतात, ही कोणत्या सालची?" वडिलांचा चेहरा पडला. मामी मात्र फिसकन हसली. "सालची कसली रं बाबा, सकालची हाय! ऊन चढलं का आंबल, सांग त्याला, पटकन पी." दुभाष्याने सूर्याकडे बोट दाखवून कसंबसं समजावलं. म्हातारा घटाघटा प्यायला, पहिल्यांदाच हसला आणि रिकामा पेला पुन्हा पुढे केला. लूम त्याने चालू करूनच दिला. आता त्या वाडीच्या जागी गोदाम आहे. कामानिमित्त मी तिथे जातो, तेव्हा प्रत्येक खोक्यावर साल छापलेलं असतं.