सगळीकडे तीच भिंत

माझी ताई भिंत धुते असं सांगितलं की लोक हसतात. हसा मेल्यांनो! चढाईच्या हॉलमधली ती उंच भिंत आणि तिच्यावर स्क्रूने बसवलेले लाल प्लास्टिकचे दगड. त्यांना होल्ड म्हणतात. चढणाऱ्यांच्या हाताची पावडर आणि बुटांचं रबर त्यांवर चिकटून बसतं, मग पाय सटकतो. ताई ते उतरवून घेते, टबात भिजत घालते आणि ब्रशने घासते. नवरा गेल्यावर हे काम मिळालं, तेव्हा लेक लहान. घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून ती हॉलवरच वाढली आणि बघता बघता भिंतीवर चढली. सगळे तिला खार म्हणायचे.

खारीला वेगाचं वेड. दोघं शेजारी शेजारी चढतात, वरचं बटण आधी मारेल तो जिंकला. खालच्या बाजूला एक होल्ड जरा डावीकडे आहे. बाकीचे तिकडे वळायचे. ही त्याला हातच न लावता सरळ वर उसळी घ्यायची. "तेवढाच वेळ वाचतो गं, आई." तशीच एक दिवस परदेशी संघाला शिकवायला निघून गेली. पाच वर्षं झाली. फोन करते, नाही असं नाही. पण तोही तिच्या चढाईसारखाच. आपण 'जेवलीस का' म्हणेपर्यंत हिचं बटण मारून झालेलं असतं!

मी चिडायचे. "बोलाव तिला. आई आहेस की कोण?" ताई टबातला पुढचा होल्ड उचलायची. तिला कोच सरांनी सांगितलं होतं, वेगाच्या शर्यतीची भिंत जगात सगळीकडे एकच असते. तीच उंची, तेच होल्ड, त्याच जागी. एवढ्या एका गोष्टीवर बाई जगत होती. होल्ड घासता घासता म्हणायची, "आत्ता तिचाही हात इथेच असेल बघ." लेक ज्याला शिवतही नाही, तो डावीकडचा होल्डसुद्धा ती तितक्याच मायेने घासायची. "डोकं फिरलंय तुझं," मी म्हणायचे, आणि मलाच रडू यायचं.

यंदा खारीवर फिल्म निघाली. हॉलमध्ये पडदा लावून सगळ्यांना दाखवायची ठरली. ताईच्या जिवाला एकच घोर. पोरगी परत यायचं काही बोलते का? फोनवर विचारायची हिंमत तिला कधी झाली नव्हती. ठेवणीतले कपडे घालून, माझा हात घट्ट धरून ती पहिल्या रांगेत बसली.

खार दिसली. केवढी वाळली होती! भिंतीवरून अशी सरसर गेली की माझाच श्वास अडकला. मग कोणीतरी तिला विचारलं, इतकी वर्षं लांब राहतेस, घरची आठवण येत नाही?

खार हसली. "नाही येत. कुठेही गेले तरी भिंत तीच असते ना. मग मी घरीच असते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोच सर म्हणाले, "काय बोलली पोरगी!" मला मात्र त्या पोरीच्या एक थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली. ताईनेही टाळ्या वाजवल्या.

लोक पांगले. ताई खुर्चीतून उठेना. "चल, घरी जाऊ," मी म्हटलं. ती भिंतीकडे बघत होती.

"भिंत तर इथेही तीच आहे," ती म्हणाली. "मग मला का गं येते?"