काकीच्या विहिरीची हरकत

आयुष्याची तेहतीस वर्षं मी सरकारी कचेरीत मसुदे लिहिले. कुणाचं मन दुखावणार नाही, कुणावर जबाबदारी येणार नाही आणि वाचणाऱ्याला शेवटपर्यंत जायची गरज पडणार नाही, असं पत्र लिहिण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. निवृत्तीनंतर जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये हे कौशल्य नुसतं पडून होतं. पाण्याच्या टाकीबद्दलच्या नोटिसा तेवढ्या मी लिहायचो. त्यातही 'उपरोक्त' असायचंच.

म्हणून गावाहून काकीचा फोन आला तेव्हा मला, खरं सांगायचं तर, आनंद झाला.

आमचं गाव टेंभुर्णीकडे जाणाऱ्या हमरस्त्याला लागून आहे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नकाशा लागला होता. गावाच्या पूर्वेला नवीन घरांची वसाहत होणार, कुणाची हरकत असेल तर महिन्याच्या आत लेखी द्या, असं खाली लिहिलं होतं. नकाशात बगीचा होता, चालायला फरशीचा रस्ता होता आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी विरंगुळा केंद्र होतं. गावातले ज्येष्ठ नागरिक त्या जागेवर सध्या कांदा काढत होते. काकीच्या दीड एकराला वसाहतीचा पिवळा रंग दिला होता आणि तिच्या विहिरीवरून रस्ता गेला होता. रानाच्या बदल्यात तिला वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला घराएवढी जागा मिळणार होती.

काका गेल्यापासून काकी त्या दीड एकरात एकटी मेथी, शेपू, वांगी करते आणि आठवडी बाजारात नेऊन विकते. सत्तरी उलटली तरी तिला मुलाकडे पुण्याला राहायला जायचं नाही. फोनवर ती एवढंच म्हणाली, "बाळा, तू हापिसात लिवायचास की. मला माजं रान सोडायचं न्हाय. तेवढं लिवून दे."

तेवढंच लिहिणं माझ्या लौकिकाला शोभणारं नव्हतं. मी दोन पानं लिहिली. सुरुवात केली ती अशी: 'ग्रामविकासास चालना देणाऱ्या सदर आराखड्याचे अर्जदार मनःपूर्वक स्वागत करीत आहे.' कचेरीतली ही आमची जुनी रीत. आधी साहेबाला हार घालायचा, मग हळूच 'तथापि' म्हणायचं. माझा 'तथापि' दुसऱ्या पानावर, मध्यावर होता. गावी जाऊन मी काकीला सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. ती गालाला हात लावून ऐकत होती.

"ह्यात माज्या रानाचं कुटं आलं?"

"येईल, काकी. पुढच्या पानावर."

"लई लांब हाय की," ती म्हणाली आणि तिनं सही केली.

गावाला मात्र अर्ज फार आवडला. असं मराठी आपल्या बाजूनं कुणी लिहिलंच नव्हतं म्हणे. निम्म्या गावानं त्याची झेरॉक्स काढली आणि नाव, गट नंबर तेवढा बदलला. त्यातल्या कित्येकांना वसाहत हवीच होती, फक्त ती शेजाऱ्याच्या रानात हवी होती. पण चांगला कागद वाया कशाला घालवायचा, म्हणून त्यांनीही सह्या ठोकल्या. मी चार दिवस गावात चहा पीत हिंडलो.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. टेबलामागे तरुण बाई अधिकारी होत्या, बऱ्या स्वभावाच्या. त्यांच्यापुढे तक्ता होता: अनुक्रमांक, नाव, हरकतीचा गोषवारा. काकीचं नाव आलं तसं त्यांनी वाचलं, "आराखड्याचे स्वागत केले आहे." त्याच्या खालच्या नावापुढे तेच. त्याच्याही खाली तेच. पानभर आमच्या गावानं स्वागत केलं होतं.

तो तक्ता कसा झाला हे त्या हॉलमध्ये फक्त मला कळलं होतं, कारण असे तक्ते मी आयुष्यभर केले होते. अर्जाचा पहिला परिच्छेद वाचायचा, गोषवारा लिहायचा, बरोबरची खूण करायची आणि पुढचा अर्ज घ्यायचा. 'तथापि'पर्यंत मी स्वतःही कधी गेलो नव्हतो.

"म्या कवा सवागत केलं?" काकी म्हणाली.

"आजी, तुमच्याच अर्जात आहे बघा."

काकीनं मला कोपरानं ढोसलं. "बोल की."

मी उठलो. बाईंना सांगायचं होतं ते एका श्वासात मावण्यासारखं होतं: हिला रान द्यायचं नाही. बाई पेन घेऊन तयार होत्या, माझं ऐकून घेणार होत्या. पण सगळं मागितलं की साहेब चिडतो, थोडं मागितलं की देतो, हे तेहतीस वर्षांचं शहाणपण माझ्याआधी उभं राहिलं. मी म्हणालो, "मॅडम, किमान विहीर तरी वगळण्याबाबत सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा."

बाईंचा चेहरा खुलला. त्यांना करता येईल असं काहीतरी कुणीतरी मागितलं होतं. त्यांनी लगेच लिहून घेतलं. परत जाताना मी काकीला समजावलं, की सरकारदरबारी असंच बोलावं लागतं. तिनं मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास होता, आणि ते आठवलं की आजही मला माझी चीड येते.

काही महिन्यांनी निर्णय आला: 'हरकत अंशतः मान्य.' नव्या नकाशात विहिरीचा निळा गोल शाबूत होता आणि रस्ता तिला छान वळसा घालून गेला होता. नोकरीत मी लिहिलेलं इतक्या लवकर कधी मान्य झालं नव्हतं. मी पेढे घेऊन गावी गेलो.

काकी मोटर लावून मेथीला पाणी देत होती. मी बांधावर उभा राहून निर्णय वाचला. तिनं शेवटपर्यंत ऐकला.

"आन् रान?"

"रान वसाहतीत गेलं, काकी. पण विहीर वाचली."

तिनं जाऊन मोटर बंद केली. परत आली, वाफ्याच्या कडेला बसली, आणि जराही न रागावता तिनं मला विचारलं, "हीर ऱ्हायली म्हंतोस. मग आता पानी कुनाला पाजू?"