स्वतःच्या नावाचा उखाणा

मी भांडकुदळ आहे, हे माझा नवरा चारचौघांत सांगतो आणि मी ते नाकारत नाही. तो लष्करात. दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवायचं, म्हणून कुठेच कुणाशी वाकडं घ्यायचं नाही, असा आमच्या क्वार्टर्समधल्या बायकांचा शिरस्ता. लखनौला तेलीबागेतल्या एका शाळेत मला केजीचा वर्ग मिळाला, तेव्हा त्यानेही बजावलं होतं, "उगाच भांडू नकोस, बदली होईलच." मी म्हटलं, बदली होणार आहे म्हणूनच तर भांडायला हरकत नाही!

या शाळेत केजी म्हणजे हजेरी झाली की वहीत एकच अक्षर पानभर काढायचं. बोटं दुखून यायची बिचाऱ्यांची. आणि पानभर 'क' काढणाऱ्याला 'कटोरी'तला पहिला आवाज कोणता विचारलं, की तो माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. मला संताप यायचा, आणि तो मुलांचा नव्हे.

संक्रांतीला क्वार्टर्समध्ये मराठी बायकांचं हळदीकुंकू झालं. एकीचा उखाणा अडला, तर चार जणींनी यमकं पुरवली. मला उखाण्यांचा मनापासून कंटाळा. नवऱ्याच्या नावाला जन्मभर काय जुळवत बसायचं? पण हेच मुलांनी स्वतःसाठी घेतलं तर?

दुसऱ्या दिवसापासून माझ्या वर्गात 'प्रेझेंट मॅम' बंद. नाव पुकारलं की यमक जुळवून हजेरी द्यायची. मग त्यातलाच एक शब्द घ्यायचा आणि फरशीवर खडूने काढलेल्या अक्षरांवरून तो आवाजागणिक म्हणत लंगडी घालायची. सुरुवातीला नुसत्या पहिल्या अक्षरापर्यंत. हळूहळू मुलं म, ट, र करत अख्खा मटर गाठायला लागली. गोंगाट व्हायचा, कबूल आहे.

त्यात एक मुलगी होती. पेन्सिल पुढे केली की दोन्ही हात पाठीमागे. वही कोरीच. पण हजेरीला तिच्यासारखी तीच. "डिब्बे में पराठा, पराठे पे घी, मैं तो आ गई, मैम जी!" एवढं म्हणून ती लंगडी घालत सुटायची.

शाळेच्या मोठ्या मॅडम एकदा दारात येऊन अदबीने म्हणाल्या, "आपकी क्लास में मुशायरा बहुत होता है. ज़रा कम कीजिए." मी "जी" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी अक्षरं आणखी मोठी काढली.

मार्चमध्ये त्यांनी मला त्या मुलीला घेऊन ऑफिसात बोलावलं. टेबलावर तिची वही उघडी, शेजारी एक फॉर्म. तिला पुन्हा नर्सरीत बसवायचं ठरलं होतं. म्हणजे तिच्या धाकट्या भावाच्या बाकावर. शेऱ्याच्या रकान्यात जाड पेनाने एकच शब्द लिहिला होता. खाली वर्गशिक्षिकेची सही बाकी होती.

"मी सही करणार नाही," हे मी मराठीतच बोलून गेले, मग हिंदीत सांगितलं. "कॉपी कोरी है, मैम, बच्ची नहीं."

"आप समझ नहीं रही हैं. जिसे लिखना नहीं आता, वो पढ़ेगी क्या?"

"पढ़ती है. पूछ लीजिए."

"जज़्बाती मत होइए. साइन कीजिए."

त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी पेनाला हात लावला नाही. मुलगी टेबलाशी चवड्यांवर उभी राहून त्या कागदाकडे बघत होती. तिने एक पाय उचलला. जागच्या जागी एक उडी मारली. "क." दुसरी. "म." तिसऱ्या उडीला ती जरा अडखळली, ओठ हलवून पाहिले. "जो." मग शेवटची. "र."

"कमजोर!" ती खुशीत ओरडली. माझ्याकडे बघून हसली आणि मग मोठ्या मॅडमकडे वळली. "कौन कमजोर है, मैम?"

त्यांनी घाईने फॉर्मवर हात ठेवला.

"बताइए, मैम," मी म्हणाले. "बच्ची ने पढ़ लिया है."