रोज हलवायची खळगी

गोल्फच्या मैदानावर एकतीस वर्षं गवत कापलं, म्हणून त्याचं नाव गवत्या पडलं. जोडीला पाणक्या. हा पहाटे यंत्र फिरवायचा, तो पाइप ओढत पाणी मारायचा. खेळणारे साहेबलोक यायच्या आधी दोघं मोडक्या दांड्याच्या पटरनं, चेंडू हळूच ढकलायच्या त्या अवजारानं, एकेक चेंडू भोकात घालायचे. भोकाला ते खळगी म्हणायचे. हरेल त्यानं दुसऱ्याची अवजारं धुवायची.

दोघं निवृत्त झाले त्या पहाटे दोघांचेही चेंडू खळगीत पडले. परत मारले, दोघांचेही चुकले. तेवढ्यात पहिली मोटार फाटकात शिरली. पाणक्या म्हणाला, "डाव राहिला. तुझ्या घरी पुरा करू." आणि दुसऱ्या गावी लेकाकडं राहायला गेला.

तो बोलून गेला. ह्यानं मनावर घेतलं.

गवत्याची बायको जाऊन चार वर्षं झालेली. लेक लांब दिलेली. रविवारी तिचा फोन यायचा, "जेवलात का?" आणि हा शिळा पाव चावत असला तरी "भरपेट" म्हणायचा. बाकी सहा दिवस घरात नळाचा तेवढा आवाज. त्यानं परसातली कपड्यांची दोरी सोडली आणि कुदळ घेतली. पाणक्या यायचा तर त्याला खेळायला ग्रीन, म्हणजे खळगीभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, पाहिजे.

परसात सगळी चिकणमाती. ओली झाली की चप्पल धरून ठेवणार, वाळली की कुदळ परत पाठवणार. गुडघाभर खणायला दोन महिने गेले. भिंतीपलीकडं थोरल्या भावाची बायको राहायची. ती रोज डोकवायची.

"भाऊजी, विहीर काढताय का मला पुरताय?"

"तुमच्या मापाचा खड्डा मला नाही झेपायचा, वहिनी."

खड्ड्यात वाळू भरली, वर बारीक पात्याचं गवत लावलं. हिरवंगार आलं. मग आठ दिवस पाऊस लागून राहिला आणि पाणी हलेना. गवत पिवळं पडलं. मूठभर वाळू उकरून बघितली तर काळी, कुजक्या अंड्यासारखा वास. त्यानं पाणक्याला फोन लावला.

"पाण्याला खालून वाट ठेवलीस का?" पाणक्यानं विचारलं.

"वरून उतार दिलाय की."

"उतार काय चाटायचाय? चिकणमातीत खड्डा खणलास म्हणजे परात केलीस, गाढवा. पाणी त्यातच बसणार. एकतीस वर्षं माझ्या शेजारी काढलीस, पण खाली काय आहे हे कधी विचारलं नाहीस."

खरंच होतं. मैदानावरच्या ग्रीनखाली नळ्या होत्या, कुणीतरी ह्यांच्या आधी घातलेल्या. गवत्यानं जन्मभर वरचं तेवढं बघितलं.

"येऊन दाखव की," तो म्हणाला.

"गुडघे उठू देत नाहीत. लेकाला सवड नाही. तू कर. पाणी जायला लागलं की सांग, मग येतो."

गवत्यानं सगळं पाटी पाटी करून बाहेर काढलं. खालच्या मातीला एका कोपऱ्याकडं उतार दिला, चर मारून भोकं पाडलेली नळी घातली, तिचं तोंड भिंतीखालून रस्त्याच्या गटारात सोडलं. वर खडी, खडीवर वाळू, वाळूवर गवत. वर्ष गेलं. कंबर कायमची गेली.

गवत धरलं तसा तो रोज सकाळी दव झाडायचा, गवत कापायचा आणि खळगी हलवायचा. मैदानावर तशीच रीत. खळगीभोवती पावलं पडून गवत मरतं, म्हणून जुनी बुजवून रोज नवी पाडायची.

"काल कोण खेळलं?" वहिनीनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग हलवली कशाला?"

"हलवायची असते."

"पोटाच्या खळगीकडं बघा जरा. तिच्यात काही पडतं का रोज?"

शेवटी पाणक्या आला. लेकानं त्याला दारात उतरवलं, "दोन तासांनी येतो" म्हणाला आणि मोटार वळवली. पाणक्याच्या हातात आता काठी होती. त्यानं तांब्याभर पाणी मागितलं. गवत्याला वाटलं, तहान लागली असेल. पाणक्यानं तांब्या ग्रीनवर ओतला. दोघं वाकून बघत राहिले.

"गेलं," पाणक्या म्हणाला.

"गेलं."

मग खेळले. पहिल्यांदा दोघांचेही चुकले. दुसऱ्यांदा चुकले. तिसऱ्यांदा गवत्याचा चेंडू खळगीच्या काठाच्या बोटभर अलीकडं थांबला. पाणक्यानं डाव्या हातानं काठी रोवली, उजव्यानं मारला, आणि आत.

"धू अवजार."

गवत्यानं नळाखाली पटर धुतला, पुसला. चहा झाला, गुडघ्यांच्या गोष्टी झाल्या. बाहेर हॉर्न वाजला. "चल, डाव मिटला एकदाचा," पाणक्या म्हणाला. परत येतो म्हणाला नाही. यायला आता काही राहिलंही नव्हतं.

सकाळी ग्रीनवर दवात पावलं उमटलेली, काठीची सात भोकं, खळगीभोवती गवत दबलेलं. खळगी पाडायला लागल्यापासून पहिल्यांदा ती हलवायला कारण होतं. गवत्याचे हात चालू झाले. जुनी बुजवली, नवी पाडली. काठीच्या एकेका भोकात चिमूटभर वाळू घालून टाच दिली. झाडलं, कापलं. मागं सरून बघितलं तर कुणी आलंच नव्हतं असं स्वच्छ.

तो तिथंच पायरीवर बसला. मग फोन लावला.

"काठीनं पार चाळण केलीस बघ. बुजवायला आठवडा जाईल. येऊन बघ जरा."

"किती वाजले?" पाणक्यानं विचारलं.

"साडेआठ."

"म्हणजे बुजवून झाली असतील."

गवत्यानं हाताला लागलेली वाळू झटकली.

"झाली ना?"

"झाली."

"खळगी?"

"हलवली."

"हं." मागून सून पाणक्याला नाश्त्याला बोलवत होती. "बरं केलंस. ठेवतो."

भिंतीवरून वहिनीचं डोकं वर आलं. "काल मोटार वाजली. कुणी आलं होतं का?"

"आलं होतं."

तिनं ग्रीन ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. "बघून तर वाटत नाही."

"वाटू द्यायचं नसतं," गवत्या म्हणाला आणि यंत्राचं पातं पुसायला लागला.