दर्शनाच्या रांगेत दिसलेलं तापमान

प्रवाळ पाळणाऱ्या मंडळींनो, आज दुपारपासून मन थाऱ्यावर नाही.

टाकीसाठी दोनपैकी एक कंट्रोलर निवडायचा आहे. साधा, पाणी थंड करणारा चिलर फक्त चालू-बंद करतो. दुसरा पाण्याचं तापमान मोबाईलवरही दाखवतो. तो आठवडाभर वापरून पाहायला आणलाय.

आज हिवरा आश्रमात दर्शनाच्या रांगेत असताना मोबाईल वाजला. घरची लाईट गेली होती. इन्व्हर्टरवर कंट्रोलर चालतो, चिलर चालत नाही. पाणी अठ्ठावीस, मग एकोणतीस, मग तीस. घर खामगावात, दोन तासांवर.

बायकोला फोन करून बर्फाच्या बाटल्या सोडायला सांगितलं.

"लाईट गेली तवाच होत्या तेवढ्या सोडल्या. टाकीले ओलं पोतंबी गुंडाळलं, रांजणासारखं. तुम्ही मोबाईल काऊन पाहून राह्यले? देवाच्या दारात गेले न, मंग त्याच्याकडे पाहा."

हात जोडले, डोळे मिटले. तरी आकडाच दिसत होता.

घरी आलो तर चार वर्षं वाढवलेलं प्रवाळ मिटून बसलंय. उद्या उघडेल का, माहीत नाही.

साधा कंट्रोलर असता तरी हेच झालं असतं, फक्त मला दिसलं नसतं. जिथे हात पोचत नाही, तिथलं दिसावं का? तुम्ही कोणता घ्याल?