कंसातली चेटकीण

धुकं दाट होतं. पत्रा ओला असला की रंग धरत नाही, म्हणून रंगारीण शेडच्या दारात बसून ब्रशचे विस्कटलेले केस कातरत होती. रस्ते खात्याच्या पाट्या लिहिण्यात तिची बावीस वर्षं गेली. फाट्याफाट्यावर तिचं अक्षर. तिला मात्र कुत्रं ओळखत नव्हतं.

गावामागच्या उंच खडकाला सगळे चेटकिणीचा सुळका म्हणायचे. सरकारी नकाशातही तेच. ती चेटकीण म्हणजे रंगारणीची आजी. बाळंतपणं करायची. एका साथीत लागोपाठ सहा पोरं दगावली, आणि ज्यांच्या नाळा तिनं कापल्या त्यांनीच तिला धोंडे मारत त्या खडकाखाली नेऊन सोडलं. तिथंच ती गेली. रंगारणीची आई तेव्हा नऊ वर्षांची. त्यानंतर तिनं खडकाखालच्या वाटेवर पाऊल टाकलं नाही. दवाखान्याला जायचं तरी नदीकडून, दीड तासाचा फेरा. आता अठ्ठ्याहत्तरी आली, गुडघे गेले, हट्ट तेवढा शाबूत.

"त्या नावाची पाटी आहे तोवर माझा पाय तिकडं पडायचा नाही," म्हणायची. "वाचायला शिकले आणि रस्त्यावर पहिलं काय वाचलं, तर ते."

म्हणून रंगारणीनं तीन वर्षं अर्ज केले. खात्याचा कारकून हसायचा. "जग चंद्रावर चाललंय बाई, आणि तुम्ही एका दगडाचं नाव धरून बसलाय."

"दगडाचं नाही हो. माझ्या आजीचं."

शेवटी वरून आदेश आला, अपमानाची नावं बदला. तिनं आजीचं खरं नाव सुचवलं होतं. समितीनं ठेवलं 'पहाट सुळका'. तेही तिनं गिळलं. आईचा फेरा वाचला तरी पुष्कळ.

धुकं उठता उठता कारकून कागद घेऊन आला. "सात पाट्या. वर नवं नाव, खाली कंसात जुनं."

"कंसात कशाला?"

"लोक वाट चुकू नयेत म्हणून. नियमच आहे, पाच वर्षं."

"आधी एकच पाटी होती. तीही गंजलेली."

"मग? तुमच्या अर्जामुळंच वाढल्या की."

भीक नको, पण कुत्रं आवर, अशी गत. ती म्हणाली, "मी नाही लिहिणार."

"नका लिहू. ठेकेदार छापून देतो. छापलेलं गाडीच्या उजेडात लांबून चमकतं."

तिनं ब्रश उचलला. कंसातली अक्षरं मुंगीएवढी काढली. कारकुनानं पट्टी लावली. "निम्म्या उंचीची पाहिजेत, बाई." तिनं पुसून पुन्हा लिहिली. बावीस वर्षांची सवय. अक्षर सुरेख आलं, याचीच तिला शिसारी आली.

संध्याकाळी आईनं विचारलं, "झालं का गं?"

"झालं."

"काय लिहिलंस?"

रंगारणीनं सांगितलं. वरचं आणि खालचंही.

आई बराच वेळ आपले गुडघे चोळत राहिली. मग म्हणाली, "सोमवारी दवाखान्याची तारीख आहे. लवकर निघू. नदीकडनं."

रंगारणीनं नखांतला काळा रंग रॉकेलच्या बोळ्यानं पुसला आणि भांडी घासायला बसली.